'बघू' म्हणणाऱ्यांपुढे आणि 'बघू' म्हणताना: तुमचे अनुभव

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मी आठ महिने तलाठी कार्यालयात खेटे घातले. "साहेब फिरतीवर आहेत." "सोमवारी या, बघू." नकार एकदाही मिळाला नाही. नकारावर अपील करता येतं, 'बघू'वर कुठे करणार? रोजच्या खुर्चीतली सत्ता तुम्ही जवळून पाहिली असेल, तुमच्या हाती आली असेल, तर मोकळेपणानं लिहा. मोठे नेते नकोत.

– माझा फेरफारही असाच अडकला होता. शेवटी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय केलं? 30 दिवसांच्या मुदतीआधीच नोंद झाली. माहिती आलीच नाही आणि मीही पाठपुरावा सोडला. ते चुकलं माझं. रांगेत माझ्यामागे असायच्या त्या आजींचं काम तसंच राहिलं.

– आमच्या पंचायतीत महिला राखीव जागेवर मी सरपंच झाले. पहिल्या मासिक सभेला माझ्या खुर्चीत हेच बसले. ग्रामसेवकांनी रजिस्टर ह्यांच्यापुढे ठेवलं, सहीपुरतं माझ्याकडे सरकवलं. चौथ्या सभेला मी अर्धा तास आधी जाऊन बसले आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा." घरात तीन दिवस अबोला होता. पण पुढचंही सांगायला हवं. वर्षभरात नळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी "बस" म्हटलं नाही. माझी चुलत जाऊच होती ती. मान वर करून पाहिलं तेव्हा कळलं.

– सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पार्किंगचा नकाशा सहा वर्षं फक्त माझ्या कपाटात होता. कुणी मागितला की किल्ली घरी राहिलेली असायची.

– मी महसूल खात्यात 31 वर्षं कारकून होतो. तहसीलदार प्रांतांपुढे उभे, प्रांत कलेक्टरांपुढे, आम्ही सगळ्यांपुढे. दिवसभर वाकलेली मान खिडकीशी आलेल्या शेतकऱ्यासमोर ताठ व्हायची. 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला. प्रत्येक सेवेला मुदत, कसूर केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. तसा फलक दर्शनी भिंतीवर लागला. पुढे त्याच्यासमोर फायलींचं कपाट उभं राहिलं. ते सरकवायला दोन माणसं लागली होती. त्यातला एक मी.