प्रॉग्नोसिस : भाकीत म्हणावं की पूर्वानुमान?

विचारणा
आत्याला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा एक रक्ताचा कर्करोग) झालाय. माहितीपत्रकात 'स्टेज दोन, मीडियन सर्व्हायव्हल ४४ महिने' असं आहे. घरच्यांसाठी ते मराठीत लिहून काढतेय. 'प्रॉग्नोसिस'ला भाकीत म्हणू की रोगनिदान? आणि मीडियन सर्व्हायव्हल म्हणजे 'सरासरी आयुष्य' चालेल का?

प्रतिसाद १
निदान म्हणजे डायग्नोसिस, म्हणून रोगनिदान बाद. भाकीत तर नकोच. ते एका माणसाबद्दल असतं आणि खरं किंवा खोटं ठरतं. इथे आत्यांसारखेच रिपोर्ट असलेल्या आधीच्या रुग्णांचं पुढे काय झालं, त्यावरून अंदाज बांधलेला असतो. त्याला पूर्वानुमान म्हणावं.

'सरासरी' मात्र खरोखर चुकीचं आहे. शाळेच्या गणितातला 'मध्यक' हाच शब्द हवा. ४४ महिन्यांनी त्या गटातले साधारण निम्मे रुग्ण हयात होते, एवढाच त्याचा अर्थ. अभ्यास थांबतो तेव्हा बरेच रुग्ण जिवंत असतात, ते पुढे किती जगणार हे कुणालाच ठाऊक नसतं. मग सरासरी काढणार कशी? मध्यकाला निम्म्यांपर्यंतची नोंद पुरते. 'डॉक्टरांनी ४४ महिने दिलेत' असं कुणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवा, ती मुदत नव्हे.

शिवाय हा आकडा २००५च्या वर्गवारीतला आहे. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या दोन घटकांवरून तीन टप्पे केले होते, मध्यक अनुक्रमे ६२, ४४ आणि २९ महिने. त्यातल्या बहुतेकांवर लेनालिडोमाइड, डॅराटुमुमॅब ही औषधं येण्याआधीच उपचार झाले होते. २०१५च्या सुधारित वर्गवारीत रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम आणि गुणसूत्रांमधले बदलही धरतात. आत्यांचा टप्पा त्यानुसार कोणता, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रतिसाद २
आयुर्वेदात 'साध्यासाध्यता', म्हणजे आजार बरा होण्याजोगा आहे की नाही, हा नेमका याच विचाराचा शब्द आहे. त्यातला 'याप्य' मला फार मोलाचा वाटतो: औषध चालू आहे तोवर काबूत राहणारा आजार. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या एका रक्ताच्या कर्करोगाला तो चपखल बसतो. त्यासाठीच्या १९८४च्या सोकल स्कोअरमध्ये वय, प्लीहेचा आकार, प्लेटलेट आणि ब्लास्ट (अपरिपक्व रक्तपेशी) यांवरून जोखीम ठरवायचे. २००१मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि या आजाराचं पूर्वानुमानच पालटलं. आज औषधाला चांगला प्रतिसाद देणारे कितीतरी रुग्ण जवळपास इतरांइतकं जगतात. पण घरच्यांच्या कागदावर 'असाध्य' लिहू नका. मायलोमा पुरता बरा होणं अवघड असलं तरी तो शब्द वाचून उपचार सोडणारी माणसं असतात.

विचारणा
'हाय रिस्क'ला अतिधोकादायक? आणि 'फाइव्ह इयर सर्व्हायव्हल'?

प्रतिसाद १
'जास्त जोखमीचा गट' म्हणा. धोकादायक म्हटलं की रुग्णापासूनच धोका आहे असं वाटतं. दुसऱ्यासाठी 'पाच वर्षांचं आयुष्य' अजिबात नको, पुढे काहीच नाही असा अर्थ निघतो. 'निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण' लांबलचक आहे, पण तेच लिहा. आत्यांसाठी मी असं लिहीन: 'या टप्प्यातल्या पूर्वीच्या रुग्णांपैकी निम्मे ४४ महिन्यांहून जास्त जगले. त्यानंतर नवी औषधं आली आहेत. तुमच्या बाबतीतला अंदाज गुणसूत्रांचा रिपोर्ट आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद पाहून डॉक्टर सांगतील.'