मदत हवी आहे: खिशातल्या चाकूचं तिसरं सॅम्पलही फसलं, ५० नग कसे काढू?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, नोकरी ऑटो कंपोनंटच्या डिझाइनची, चाकू हा फावल्या वेळचा नाद. रोज खिशात राहील असा घडीचा चाकू काढलाय. पातं ६५ मिमी, जाडी अडीच, डी२ स्टील. पितळी लायनर म्हणजे मुठीच्या आतल्या दोन पट्ट्या, वर शिसवीची मूठ. लॉक नाही, साधा स्लिपजॉइंट. म्हणजे मुठीच्या पाठीतली पट्टी-स्प्रिंग पात्याच्या बुंध्यावर दाबून बसते आणि पातं उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते. आंबा चिरावा, पार्सलची टेप कापावी, एवढीच अपेक्षा.

कॅडमध्ये सगळं झकास. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, थ्रीडी प्रिंट केलं, तिथवर काही अडलं नाही. रडगाणं भोसरीत सुरू झालं. पाती आणि स्प्रिंगा लेझरने कापून घेतल्या, हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून पाणी देऊन कडक करणं, दुसऱ्याकडे, लायनरला भोकं मी घरी पाडली. आता चाकू उघडला की स्प्रिंग पाठीशी सपाट बसते, मिटला की अर्धा मिमी वर येते, बोटाला खटकते. शिवाय पातं डावीकडे कलतं आणि मिटताना लायनरला ओरखडतं. लेझरवाला म्हणतो पाणी देताना वाकलं, पाणी देणारा म्हणतो ड्रॉइंगच चुकलंय. मी दोघांच्या मध्ये.

ओपिनेल या फ्रेंच चाकूवाल्यांची अक्कल आता पटते. १८९० पासून लाकडाची मूठ आणि एक पातं एवढ्यावर संसार, आणि लॉक हवं झालं तेव्हा १९५५ मध्ये एक फिरतं कडं चढवून मोकळे! आम्हाला मात्र सपाट पाठीची हौस.

तर चूक नेमकी कुठे? आणि ५० नगांना कुणी उभं करत नाही, सगळे पाचशे नगांच्या खाली बोलत नाहीत. ड्रॉइंग इथे टाकू का?

जुना टूलरूमवाला:
ड्रॉइंग राहू द्या, आधी सांगा, पिव्हटचं, म्हणजे पातं ज्या पिनेवर फिरतं तिचं भोक लेझरनेच पाडलंत ना? लेझरचं भोक खालच्या अंगाला थोडं निमुळतं असतं. पिन एका कडेवर टेकते आणि पातं कलतं. लेझरने बारीक भोक घ्या, मग ड्रिल, मग नेमक्या मापाला आणणारा रीमर, हे सगळं पाणी देण्याआधी. नंतर फक्त लॅपिंग, म्हणजे बारीक घासणं. दोन्ही लायनर एकत्र क्लॅम्प करूनच भोकं पाडा.

मिटल्यावर स्प्रिंग वर येते म्हणजे बुंध्याची ती बाजू पिव्हटपासून लांब आहे. तिथे ०.२ मिमी जादा ठेवून पाणी द्या आणि नंतर ग्राइंड करत जुळवा. हात जपून. जास्त घासलंत तर पातं खोल बसेल आणि धार स्प्रिंगवर आपटेल.

स्प्रिंग कशाची आहे?

धागाकर्ता:
तीही डी२. पात्यांबरोबर एकाच लॉटमध्ये दिली.

जुना टूलरूमवाला:
अहो! पात्याला कडकपणा ५९-६० रॉकवेल हवा, तेवढ्या कडक स्प्रिंगचा एक दिवस तुकडा पडेल. स्प्रिंगला ईएन४२जे हे स्प्रिंग स्टील घ्या, ४५ ते ४८ रॉकवेलवर ठेवा, लॉट वेगळा.

आणि ५० विसरा, आधी ५ करा. तेवढ्यासाठी भट्टी कोण पेटवणार म्हणाल, तर डी२ हे मुळात डायचं, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांचं स्टील. भोसरीत पंच-डायच्या भट्ट्या रोज लागतात. एखाद्या टूलरूमच्या लॉटमध्ये तुमची पाती घालायला सांगा. अडीच मिमीचं पातं डायच्या हिशोबाने तापवू नका एवढं बजावा आणि पाती टांगून ठेवायला सांगा, आडवी नकोत.

नुसतीच वाचक:
ड्रॉइंग टाकू नका! डिझाइन ॲक्ट २००० खाली नोंदणी हवी असेल तर अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. अर्ज कोलकात्याच्या कार्यालयात जातो, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. पण ते फक्त दिसण्याला, आकाराला. स्प्रिंगच्या युक्तीला नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती वापराची हत्यारं वगळून. तुमचं पातं अडीच इंची. तरी विमानात केबिन बॅगेत ठेवू नका, माझ्या भावाचा स्विस चाकू असाच पुणे विमानतळावर राहिला.

धागाकर्ता:
आत्ताच मोजलं. डाव्या लायनरमध्ये पिव्हट ते मधली पिन ४२.०० मिमी आणि उजव्यात ४२.१२. म्हणजे घोळ मी घरी पाडलेल्या भोकांचाही. लेझरवाला आणि भट्टीवाला, दोघांनाही उद्या फोन करून चहा पाजतो म्हणून सांगावं लागणार.

टूलरूमवाले काका, ३ मिमीच्या पिनला रीमर एच७ या नेमक्या मापाचा घेऊ की थोडा सैल?

जुना टूलरूमवाला:
एच७ घ्या. सैल नंतर आपोआप होतो.