सरकारी मदतीतून घरी येणारी देखभाल, तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?

प्राजक्ता_स

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. बाबांना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलंच, हो-नाही मानेने सांगतात, बाकी शब्द अडकतात. मी नोकरी करते, भाऊ लांब असतो. सरकारी योजनेतून रोजचे दोन तास मंजूर झालेत, एक सकाळी एक संध्याकाळी, पैसे सरकार थेट एजन्सीला देतं आणि एजन्सी माणूस पाठवते. हे दोन तास नसते तर मला नोकरी सोडायला लागली असती, त्यामुळे योजनेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ज्यांनी ती आणली त्यांचे उपकारच आहेत.

पण झालंय असं की घरात एक वही ठेवलेली असते, येणाऱ्या बाईंनी त्यात वेळ, केलेलं काम आणि सही असं रोजच्या रोज लिहायचं. मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. गेल्या आठवड्यात सहज चाळली तर सोमवार ते रविवार सगळ्या नोंदी एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारख्या, आठ ते नऊ, अंग पुसलं, कपडे बदलले, कूस बदलली, औषध दिलं. त्यात गुरुवार पण आहे. गुरुवारी बाबा घरातच नव्हते! बुधवारी रात्री ताप चढला म्हणून मी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि शुक्रवारी दुपारी परत आणलं, घराला कुलूप होतं, आणि वहीप्रमाणे गुरुवारी सकाळी त्यांचं अंग पुसून झालंय.

बरं तपासणी होतच नाही असंही नाही. महिन्याभरापूर्वीच सरकारी खात्यातून एक बाई येऊन गेल्या, सभ्य होत्या, नीट बोलल्या. फाइल बघितली, वही बघितली, खाली माझी सही घेतली आणि वीस मिनिटांत गेल्या. बाबा आतल्या खोलीत पडलेले होते, त्या आत गेल्याच नाहीत. मलाही तेव्हा सुचलं नाही की म्हणावं, अहो आधी त्यांना तर बघा.

आता तक्रार करू की नको हेच कळेना. केली आणि तास बंद झाले तर? नवीन माणूस मिळेपर्यंत काय करायचं? आणि येणाऱ्या मावशी वाईट नाहीत हो, त्यांना बघून बाबा हसतात, माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. बाहेरच्या देशांत सरकार पैसे देतं तेव्हा घराच्या आत काय चाललंय ते बघायची पद्धत काय असते? कोणाला अनुभव असेल तर सांगा, आणि माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं तेही.

---

रेवा_म

प्राजक्ता, मी हेच काम नऊ वर्षं केलंय, इंग्लंडमध्ये, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते. मलाही एकेका दिवशी दहा-दहा घरं असायची. कागदावर आठ ते साडेआठ एका घरी आणि साडेआठ ते नऊ दुसऱ्या घरी, आता मधली वीस मिनिटं चालत जायची ती कुठून आणायची? दोन घरांमधला प्रवास किमान वेतनाच्या हिशोबात धरायला हवा असा तिकडचा नियम आहे, पण आमच्या एजन्सीत तो वेळ पगारात कुठे दिसायचाच नाही. मग तो कुणाच्या तरी अंघोळीतूनच निघायचा. पंधरा मिनिटांच्या भेटीवरून तिकडे फार वाद झाला, २०१५ मध्ये नाइस म्हणजे आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी जी संस्था आहे तिने लिहून दिलं की अर्ध्या तासाहून छोटी भेट तेव्हाच ठेवा जेव्हा येणारी व्यक्ती त्या माणसाच्या ओळखीची आहे आणि काम ठरावीक, छोटं आहे, म्हणजे गोळी घेतली का बघणं वगैरे. वाचून मला रडू आलं होतं, कारण मला पंधरा मिनिटांत एका आजींना उठवून, स्वच्छ करून, कपडे घालून खुर्चीत बसवायला सांगायचे. त्या आजी सावकाश चालायच्या, मी त्यांना घाई करायचे. अजून आठवतं.

आणि वही मीसुद्धा एकदम लिहिलेली आहे. बरोबर नव्हतं, पण लिहिलीय. म्हणून सांगते की आधी मावशींशी बोल, रागाने नाही, चहाला बसवून बोल. गुरुवारची नोंद त्यांनी आपल्या मनाने केली की कोणी करायला लावली ते विचार. आणि त्यांचं पुढचं घर किती लांब आहे तेही विचार, त्यातून बरंच कळेल.

---

अनिकेत_व

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे, इथलं सांगतो. इथे १९९५ पासून देखभालीचा वेगळा विमा आहे, पगारातून कापला जातो. गरज लागली की अर्ज करायचा, मग मेडिकल सर्व्हिस म्हणजे विम्यासाठी तपासणी करणारी जी संस्था आहे तिचा माणूस घरी येतो आणि गरज किती आहे ते ठरवतो, २०१७ पासून पाच श्रेणी आहेत. नुसता आजार बघत नाहीत, स्वतःचं स्वतः किती करता येतं, चालणं, समजणं, वागणं, औषधपाणी, दिवस कसा घालवता असे सहा भाग बघतात. श्रेणी ठरली की तुम्ही एजन्सीची सेवा घ्या किंवा रोख रक्कम घेऊन घरच्याच माणसाकडून करून घ्या, किंवा थोडं थोडं दोन्ही. घरचं माणूस आठवड्याला निदान दहा तास करत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर त्याच्या पेन्शनचा हप्ताही हाच विमा भरतो. माझ्या शेजारणीने आईसाठी नोकरीचे तास कमी केले तेव्हा याचा तिला खरंच आधार झाला.

प्राजक्तासाठी मुद्दा असा की गरज ठरवणारे वेगळे, सेवा देणारे वेगळे, आणि एजन्सीची तपासणी पण मेडिकल सर्व्हिस करते, एजन्सी स्वतः नाही. आणि ते लोक कागदांबरोबर प्रत्यक्ष रुग्णालाही बघतात. जे नुसती रोख रक्कम घेतात त्यांच्याकडेही सल्ल्यासाठी माणूस घरी येऊन जातो.

जपानमध्येही तसंच काहीसं आहे, २००० साली सुरू झालं, चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा, गरजेचे सात टप्पे, आणि प्रत्येकाला एक केअर मॅनेजर जो आठवड्याचं वेळापत्रक आखतो आणि अधूनमधून घरी येऊन बघतो. पण तिथेही फट आहेच, हा मॅनेजर बऱ्याचदा सेवा देणाऱ्याच कंपनीचा असतो. आणि २००७ मध्ये तिथल्या या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीने कर्मचाऱ्यांचे खोटे आकडे दाखवून परवाने मिळवल्याचं बाहेर आलं, सरकारने परवाने वाढवून द्यायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी कायदा बदलला. हजारो म्हातारी माणसं त्या कंपनीवर अवलंबून होती, त्यांची सेवा दुसऱ्यांकडे सोपवायला लागली. तेव्हा तुमची भीती, की कारवाई झाली तर आमचं काय, ती अजिबात खोटी नाही. पण ही सोय करणं हे सरकारचं काम आहे, त्यासाठी तुम्ही गप्प बसायचं असं होऊ नये.

---

तुषार८८

एवढा घोळ कशाला, मोबाइलवर हजेरी घ्यायची, जीपीएसने कळेल माणूस घरी आला का, वही बंद. अमेरिकेत कायदाच आहे ना असा.

---

अनिकेत_व

आहे तुषार, २०१६ चा. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची जी सरकारी आरोग्य योजना आहे तिच्या पैशातून घरी सेवा मिळत असेल तर सहा गोष्टी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवायच्या, कोणती सेवा, कोणाला, कोणी दिली, तारीख, ठिकाण, सुरू आणि बंद व्हायची वेळ. खोट्या बिलांना त्याने आळा बसतो हे मान्य. पण तिथल्या अपंग लोकांनी विरोधही केला, कारण मदतनीस सोबत असतो तेव्हा त्याचा ठावठिकाणा म्हणजे त्यांचाच ठावठिकाणा, कुठे गेले, किती वेळ गेले, सगळं सरकारला कळणार.

---

रेवा_म

आणि माणूस दारात आला हे कळेल रे तुषार, पण पाणी पाजलं का ते फोनला कसं कळणार? माझ्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडेही अ‍ॅप आलं होतं. मी वेळेवर आत, वेळेवर बाहेर, सगळं हिरवं. त्या हिरव्यात मी कितीतरी वेळा कोणाचे केस न विंचरता निघालेय.

---

सुधाकर_काका

प्राजक्ता बेटा, मी निवृत्त आहे, आयुष्यभर तपासणीचंच काम केलं, आधी संस्थांचं आणि शेवटी घरपोच सेवांचं. तुझी पोस्ट वाचून वाईट वाटलं, कारण त्या बाईंनी केलं ते मीही सुरुवातीला करायचो. एका दिवसात सात घरं उरकायची तर फाइलच बघून होते. पुढे एका सीनियर बाईंनी मला बरोबर नेलं, त्या घरात शिरल्या की सरळ पलंगाजवळ जायच्या, फाइल शेवटी. आधी पाण्याचा पेला बघायच्या, तो हाताला येतो का, टेबलावर असून उपयोग नाही, चांगल्या हाताच्या बाजूला आहे का. मग नखं. मग चादर बाजूला करायची परवानगी घेऊन टाचा आणि माकडहाड. कूस बदलली असं वहीत दिवसातून चारदा लिहिलेलं असलं तरी टाच काय ते सांगतेच. आणि रुग्णाला बोलता येत नसेल तर घाईने घरच्यांकडे वळायच्या नाहीत, हो-नाहीचे प्रश्न विचारत बसायच्या, दहा मिनिटं लागली तरी. तुझे बाबा मान हलवतात ना, मग त्यांना विचारता येत होतं.

आता तक्रारीचं. कर, पण मावशींच्या नावाने सुरुवात करू नकोस. वहीच्या त्या पानाचा फोटो काढ, हॉस्पिटलचा कागद जोड आणि एवढंच विचार की अमुक तारखेला रुग्ण घरी नव्हता, तरी सेवेची नोंद आहे, तर त्या तासाचं बिल सरकारकडे लागलंय का ते कळवा. हा प्रश्न विचारला की उत्तर एजन्सीला द्यायला लागतं, मावशींना नाही. अर्ज एजन्सीकडे देऊ नकोस, तुझे तास ज्यांनी मंजूर केले त्यांच्याकडे दे आणि पोच घे. त्याच अर्जात वेगळ्या ओळीत लिही की चौकशी चालू असताना सेवा खंडित होऊ नये आणि शक्य असेल तर याच व्यक्तीकडून चालू राहावी. हे लिहिलेलं असलं की तास थांबवणाऱ्याला कारण द्यायला लागतं.

इंग्लंडचं रेवाताईंना जास्त माहीत, पण तिथे केअर क्वालिटी कमिशन म्हणून स्वतंत्र संस्था आहे, २००९ पासून, अंघोळ-कपडे अशी वैयक्तिक देखभाल देणाऱ्या एजन्सीला तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही. उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी अशा चार पायऱ्या आहेत आणि मिळालेली पायरी एजन्सीला लोकांना दिसेल अशी लावायला लागते. निवड करताना घरच्यांना त्याचा उपयोग होतो. पण एक मी खूप वर्षं बोलत आलोय, तपासणी कितीही कडक करा, सरकार तासाचा दर ठरवताना प्रवासाचा वेळ आणि रजा त्यात धरत नसेल तर एजन्सी तो खर्च कुठून तरी काढणारच. आम्ही वही पकडायचो, दर कोणी बघायचंच नाही.

---

रेवा_म

काका, शेवटचं वाक्य अगदी मनातलं बोललात.

---

प्राजक्ता_स

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी मावशींशी बोलले. आधी घाबरल्या, मग म्हणाल्या की सुपरवायझर रविवारी वही तपासायला येतो, तेव्हा सगळे रकाने भरलेले हवेत, एक जरी मोकळा असला तर बिल अडकतं आणि त्यांचा पगारही. गुरुवारी त्या येऊन कुलूप बघून परत गेल्या होत्या, एजन्सीला फोनही केला होता, तरी रविवारी भर म्हणून सांगितलं. आणि तासभर थांबणं त्यांना जमतच नाही, पुढचं घर दोन बस बदलून आहे, त्यामुळे चाळीस मिनिटांत निघतात. मला हे दीड वर्षात एकदाही विचारावंसं वाटलं नाही याचं वाईट वाटतंय. अर्ज काकांनी सांगितला तसाच लिहिलाय, मावशींच्या कपाळी काही येऊ नये म्हणून त्यांच्या फोनची तारीख-वेळ पण घातलीय, त्या हो म्हणाल्या. उद्या देणार.

बाबांना विचारलं, याच मावशी हव्यात का? दोनदा होकाराची मान हलवली.

काका, तुमचं वाचून रात्री चादर बाजूला करून टाचा बघितल्या. डावी ठीक आहे. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग आहे, कातडी फाटलेली नाही पण बोटाने दाबलं तरी लालच राहतोय. हे काय असतं?

---

सुधाकर_काका

बेटा, ही बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते, आजच डॉक्टरांना किंवा नर्सला दाखव, अर्ज उद्या दिलास तरी चालेल. तोपर्यंत पोटरीखाली आडवी उशी दे, म्हणजे टाच गादीला अजिबात टेकणार नाही, अधांतरी राहील. चोळू नकोस. आणि तारीख दिसेल असा फोटो काढून ठेव, अर्जाला जोडायचा आहे.