ऊसतोड टोळीच्या वतीने बाहेरच्या माणसाला कोर्टात जाता येतं का?

गिरणीवाली, निपाणी
कोगनोळीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची पिठाची गिरण आहे. पलीकडच्या माळावर बीडकडची ऊसतोड टोळी कोप्या घालून राहिली आहे. बायका अंधार पडल्यावर दळायला येतात, तेव्हा बोलतात. हंगाम संपत आला तरी मुकादम म्हणतो, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही, तोवर गावी जायचं नाही. सगळ्यांची आधार कार्डं त्याच्याकडेच. एकीच्या बाळाचं बारसंही झालं नव्हतं आणि ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती. तिच्या सासूने मला वही दाखवली. उचल पहिल्याच पानावर ठळक लिहिलेली, किती टन तोडला ते कुठेच नाही.

इथल्या एका वकिलांना विचारलं, तर म्हणाले, "तुमचा काय संबंध? तुमची मजुरी बुडली का?" टोळीतलं कुणी स्वतःहून जाणार नाही, पुढच्या वर्षीची उचल याच मुकादमाकडून घ्यायची असते. मग जायचं कुणी?

धारवाडचा वकील
वहिनी, संबंधाचा प्रश्न पैशाच्या साध्या दाव्यात येतो. मूलभूत हक्क पायदळी जात असतील आणि ज्याचे जातात तो गरिबीमुळे कोर्टापर्यंत पोचू शकत नसेल, तर त्याच्यासाठी कुणीही सद्हेतूने दाद मागू शकतो. 1981 साली सुप्रीम कोर्टात एस. पी. गुप्ता खटल्यात न्या. भगवतींनी हे स्पष्ट लिहिलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरल्या मजुरांचं प्रकरण आलं. तेही मजुरांनी नव्हे, एका संघटनेने पत्र लिहून नेलं होतं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारीच, असं त्यात ठरलं. तुमच्या कामाचा निकाल तो.

पण सुरुवात हायकोर्टापासून करू नका. 1976 च्या वेठबिगार कायद्याप्रमाणे जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे. बेळगावला डीसींकडे (म्हणजे जिल्हाधिकारी) आणि चिक्कोडीला एसींकडे (म्हणजे प्रांताधिकारी) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करणं कर्ज देणाऱ्यावर येतं, याच कायद्याचं कलम 15. अर्ज दाबून ठेवला तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात या. ती पोचच तेव्हा तुमच्या हातातला मोठा कागद असेल.

एक विचारतो, राग मानू नका. तुमचा ऊस त्याच कारखान्याला जातो का? अर्जदाराचा काही स्वार्थ आहे का, हे कोर्ट आता बारकाईने बघतं.

कोयतेकऱ्याचा पोरगा
ताई, मी अशाच कोपीत वाढलोय. आधी बायकांना विचारा. अधिकारी आले आणि रातोरात टोळी सोडवली, तर लेकरं घेऊन त्या कुठं जाणार? सुटकेचा दाखला हातात पडल्याशिवाय जागा सोडू देऊ नका. तो नसला की पुनर्वसनाची मदत अडकते, गावाकडच्या कचेरीत कुणी उभं करत नाही. आणि तक्रार त्यांची आहे, त्यांचे अंगठे त्यावर हवेत. नुसत्या तुमच्या सहीवर गेलात तर मुकादम दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच "आम्ही खुशीने आलो" असं लिहून घेईल.

गिरणीवाली, निपाणी
ऊस त्याच कारखान्याला जातो. दोन एकर. घरी यावरून बोलणं झालं, बिल अडकवतील अशी भीती मालकांना आहे, मलाही आहे. तरी मी सही करणार. वही दाखवणाऱ्या सासूबाई आणि आणखी तिघी अंगठा द्यायला तयार आहेत. बाळंतिणीला मी यात ओढणार नाही, तिचं तिला ठरवू दे.

धारवाडचा वकील
ऊस जातो हे अर्जातच लिहून टाका. लपवलं तर नडतं. तुमच्या फायद्याविरुद्ध तुम्ही उभ्या आहात, हे त्यातून आपोआप दिसेल. कन्नड अर्ज मी तयार करून देतो. मुकादमाचं नाव, माळाचा सर्व्हे नंबर, किती कोयते (मजुरांच्या जोड्या) आहेत ते कळवा. आणि लहान मुलांची संख्या वेगळी लिहा.