मदत हवी आहे: बोल्ट कार्डची सोय ठेवून खासगीपण कसं जपायचं?

नमस्कार मंडळी,

मी आयल ऑफ मॅनवर डग्लसला राहते. इथल्याच कॉइनकॉर्नर कंपनीनं २०२२ मध्ये बोल्ट कार्ड आणलं, म्हणजे लाइटनिंगवरून (बिटकॉइन झटपट पाठवायच्या जाळ्यावरून) बिटकॉइन देणारं एनएफसी, म्हणजे नुसतं जवळ टेकवून चालणारं, कार्ड. माझं कार्ड दुसऱ्या एका सेवेचं आहे. मशीनला टेकवलं की पैसे गेले. फोन काढा, क्यूआर स्कॅन करा, रेंज आहे का बघा, यातलं काहीच नाही. ही सोय मला सोडायची नाहीये.

पण कार्ड स्वतःच्या फोनला लावून पाहिलं तेव्हा काळजी वाटायला लागली. एक लिंक उघडते, तिच्या शेवटी अक्षर-आकड्यांच्या दोन लांब माळा, दर वेळी नव्या. ते ठीकच आहे. आतली एनटॅग ४२४ डीएनए चिप प्रत्येक टॅपला आपला काउंटर वाढवते आणि नवी सही करते, त्यामुळे वापरलेली लिंक पुन्हा चालत नाही. पण टॅग वाचायच्या अ‍ॅपमध्ये ०४ नं सुरू होणारा चिपचा यूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, दर वेळी तोच! म्हणजे नाव न विचारताही दुकानदाराला ‘ही तीच बाई’ हे कळू शकतं.

त्याहून मोठा प्रश्न सर्व्हरचा. कार्डात पैसे नसतातच. दुकानाचं मशीन आपलं इन्व्हॉइस (पैशांची मागणी करणारं बिल) सेवेच्या सर्व्हरला देतं आणि सर्व्हर ते भागवतो. त्या इन्व्हॉइसमध्ये रक्कम असते, दुकानाच्या नोडची (लाइटनिंगला जोडलेल्या संगणकाची) ओळख असते, कधी कधी काय घेतलं तेही लिहिलेलं असतं. सेवेकडे माझं केवायसी आहे. मी कुठे, कधी, कितीचं घेतलं, औषधांसकट, सगळं एका ठिकाणी जमा होतंय. हे मला मान्य नाही.

म्हणून घरीच एलएनबिट्स, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर लाइटनिंग वॉलेट आणि अशी कार्डं सांभाळायचं सॉफ्टवेअर, चालवायचा विचार आहे. पण मग लिंकमधलं डोमेन (वेबसाइटचं नाव) एकट्या माझंच असणार आणि ते प्रत्येक दुकानाच्या मशीनला दिसणार. सेवेचं डोमेन निदान हजारो लोकांत सामाईक असतं. कुणी हे केलंय का? शिवाय बसमध्ये कुणी पर्सला फोन टेकवला तर?

*

नोडवाला: यूआयडीचं सोपं आहे. कार्ड लिहिताना, म्हणजे चिपमध्ये माहिती भरताना, यूआयडी यादृच्छिक करायचा पर्याय असतो. मग चिप प्रत्येक वाचनाला वेगळाच क्रमांक सांगते आणि खरा क्रमांक फक्त कूटबद्ध होऊन सर्व्हरकडे जातो. एकदा केलं की हे परत फिरवता येत नाही, आणि चाव्या (चिपचे गुप्त संकेत) हरवल्या तर कार्ड नव्यानं लिहिता येत नाही. सेवेच्या कार्डाच्या चाव्या बहुधा तुमच्याकडे नसतील, त्यामुळे कोरी कार्डं घ्या.

बसची भीती खरी आहे. न वापरलेली ताजी लिंक म्हणजे सही केलेला चेक, ज्याच्या हातात पडेल तो वटवणार. चार-पाच सेंटीमीटरपर्यंत यावं लागतं एवढाच दिलासा. एका टॅपची आणि दिवसाची मर्यादा कमी ठेवा, पाकीट एनएफसी अडवणारं घ्या.

डोमेन थेट घरच्या आयपीवर लावू नका, मध्ये भाड्याचा सर्व्हर ठेवा. टॉरचा (ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरचा) पत्ता सुचवणारे भेटतील, पण दुकानातली मशीनं तो सहसा उघडत नाहीत.

सातासमुद्रापार: मी एकटीचा सर्व्हर नको म्हणेन. पाच-सहा ओळखीच्या घरांनी मिळून एक चालवा, म्हणजे डोमेन कुणा एकाचं राहत नाही. मात्र जो चालवेल त्याला सगळ्यांचे व्यवहार दिसतात आणि पैसेही त्याच्याच ताब्यात असतात. तेवढा विश्वास असेल तरच. औषधांसारख्या खरेदीला मी फोनवरूनच पैसे देते. तिथेही वॉलेटनं मार्ग शोधायचं काम कंपनीच्या नोडवर सोपवलेलं असेल तर रक्कम आणि ती कुठे चालली हे त्या कंपनीला दिसतं, हे आधी तपासा.

मूळ धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. कोरी कार्डं मागवते. रोजच्या किरकोळ खर्चाला कार्ड आणि औषधांना फोन, असं करेन. एकत्र सर्व्हरचं इथल्या दोन मराठी घरांना विचारते. ते ‘हो’ म्हणाले तर प्रत्येकाचं वॉलेट वेगळं ठेवून बॅकअप कसा घ्यायचा? कुणी आधीच घेत असेल तर पायऱ्या इथे लिहा.