ऐंशीला लायसन्स रिन्यू करायचंय, तयारी कशी करू?

हिशेबनीस_आजी

नमस्कार. दोन महिन्यांनी मला ८० पूर्ण होतील आणि त्याच दिवशी माझं लायसन्स संपतंय. आमच्याकडे या वयाला नुसता अर्ज भरून भागत नाही. डोळे तपासतात, आजवरचे दंड आणि अपघात बघतात, एका छोट्या वर्गाला बसवतात आणि मग कागदावर दोन कामं देतात. कोऱ्या वर्तुळात घड्याळाचे आकडे भरायचे आणि सांगितलेली वेळ काट्यांनी दाखवायची, हे एक. दुसऱ्या कागदावर अक्षरांच्या ओळी असतात, त्यातलं एकच अक्षर शोधून त्यावर काट मारत जायची.

मी ३६ वर्षं हिशेब लिहिले. आकड्यांना मी कधी भ्याले नाही. पण शेजारी कुणी उभं राहून बघायला लागलं की माझा हात थरथरतो. हे म्हातारपणाचं नाही, शाळेत फळ्यापाशी उभं केलं की तेव्हाही असंच व्हायचं. आता रोज सकाळी वहीत घड्याळ काढते. काल अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला घेतली आणि मोठा काटा दोनऐवजी दहावर नेऊन ठेवला. लगेच कळलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गाडी माझ्या हौसेची नाही. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. चार तास मशीनवर झाले की त्यांचं बीपी कधीकधी एकदम उतरतं. सीट किती मागे पाडायची, कुठे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबायचं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. टॅक्सीवाल्याला ते कसं कळणार? मुलगा लांब असतो. गाडी साध्या गिअरची आहे, मी ४९ वर्षं चालवतेय, अपघात एकही नाही.

विचारायचं आहे ते असं. घड्याळाचा सराव करत राहणं बरोबर आहे का? झोपेची गोळी घेते, ती अर्जात लिहावी का? आणि श्रवणयंत्र लावून गेलं तर चालतं का?

अजून एक. घरी कुणाला सांगितलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी डायलिसिसहून परतताना, दिवेलागणीला, डावीकडून एक सायकलवाला आला. काळे कपडे होते. तो मला दिसलाच नाही, दिसला तो थेट बॉनेटसमोर. ब्रेक लागला, तो निघून गेला.

चौऱ्याऐंशी_पूर्ण

बाई, मी या रांगेत दोनदा उभा राहिलो आहे, ८० ला आणि ८२ ला. म्हणून लिहितो.

श्रवणयंत्र लावूनच जा, सेल नवे घालून. वर्गात सूचना एकदाच सांगतात आणि ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तर तुमच्याच नावावर पडतं. जवळचा आणि लांबचा असे दोन चष्मे असतील तर दोन्ही न्या. वेळ सकाळची मागा. हात थरथरतो हे आधीच सांगून टाका. रेघ वाकडी आली म्हणून कुणी नापास करत नाही, आकडे जागच्या जागी आहेत का आणि काटे बरोबर लागलेत का, हे बघतात. मी आधी १२, ६, ३, ९ लिहिले आणि मग मधले भरले.

सरावाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पाठ करून घड्याळ काढणं म्हणजे बीपी मोजायला जायच्या आधी गोळी गिळण्यासारखं. कागद सुटेल, रोग असला तर तो राहील. एका थकल्या दिवशी चुकलेला आणि लगेच लक्षात आलेला काटा काही सांगत नाही. वही मिटून टाका.

नियम जागोजागी वेगळे आहेत, त्यामुळे भाच्याने किंवा शेजारणीने सांगितलेलं धरून बसू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओत तुम्ही लिहिलं तसंच, ८० नंतर दर २ वर्षांनी. ब्रिटनमध्ये ७० ला लायसन्स संपतं, मग दर ३ वर्षांनी रिन्यू करायचं आणि तब्येतीचं आपणच कळवायचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ७५ पासून दरवर्षी डॉक्टरचा दाखला लागतो आणि ८५ पासून पूर्ण लायसन्स ठेवायचं तर दर २ वर्षांनी रस्त्यावर चालवून दाखवावं लागतं. भारतात पंचावन्न उलटल्यावर ते ५-५ वर्षांसाठीच मिळतं. तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं असेल, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जे चार ओळींत उरकलंत, ते मला सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. घड्याळाचं सोडा. सायकलवाला का दिसला नाही ते शोधा.

नेत्रवैद्य_मेधा

काकू, मी डोळ्यांची डॉक्टर आहे. वरच्या काकांच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते.

लायसन्सच्या खिडकीवर जो तक्ता वाचायला लावतात, त्यात पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, खोलीत भरपूर उजेड असतो आणि अक्षर जागचं हलत नाही. पुष्कळ देशांत ६/१२ च्या आसपास दिसलं की पुरतं. म्हणजे निरोगी डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हाला ६ मीटरवरून आलं पाहिजे. तुम्ही ते वाचाल, अशी माझी अटकळ आहे. पण दिवेलागणीला, काळ्या रस्त्यावर, काळ्या कपड्यातला माणूस दिसतो की नाही, हे तो तक्ता मोजतच नाही. दरवर्षी अशी माणसं माझ्याकडे येतात. तक्ता झरझर वाचतात आणि संध्याकाळी गाडी काढायला घाबरतात. दोन्ही खरं असतं.

वयानुसार बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळट होत जातं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, तुम्ही तर आता त्याच्याही पुढे आहात. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरच्या हेडलाइटचा प्रकाश भिंगात विखुरतो आणि सगळ्यावर धुक्यासारखा पांढुरका पडदा येतो. तुम्हाला दिव्यांभोवती वलयं दिसतात का? चष्मा पुन्हापुन्हा पुसावासा वाटतो का?

दुसरी शक्यता जास्त लपून राहणारी आहे. तो डावीकडून आला म्हणालात. काचबिंदूत नजर कडेने जाते आणि आपल्याला ते कळत नाही, कारण गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही, मेंदू आजूबाजूचंच चित्र तिथे भरून टाकतो. दुखत नाही, लाल होत नाही, आणि तक्ता तर मधली नजर वाचते. म्हणून फक्त चष्म्याचा नंबर काढून घेऊ नका. डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, ही तिन्ही सांगून करून घ्या. त्या चाचणीत एका वाडग्यासारख्या यंत्रात समोर बघत राहायचं असतं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. बऱ्याच ठिकाणी लायसन्ससाठी आडवं १२० अंश दिसणं लागतं, त्याचाही निकाल त्यातच लागतो. बाहुली मोठी केल्यावर काही तास गाडी चालवायची नाही, सोबत कुणाला तरी न्या.

हे सगळं या आठवड्यात करा, तारखेच्या आदल्या दिवशी नाही. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन, मग डोळा स्थिरावणं, मग नवा नंबर, यात सहज दोन महिने जातात. तोवर अंधार पडल्यावर गाडी काढू नका, ही माझी विनंती आहे.

झोपेची गोळी: अर्जात विचारलं असेल तर लिहायचीच. पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की तिचा अंमल सकाळी किती वाजेपर्यंत राहतो. झोल्पिडेमचं उदाहरण देते. बायकांच्या शरीरातून ते सावकाश उतरतं, सकाळी गाडी चालवताना रक्तात पुरेसं शिल्लक असतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये साध्या गोळीची बायकांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. सर्दीच्या जुन्या गोळ्यासुद्धा, क्लोरफेनिरामिनसारख्या, झोप आणतात.

क्लच_सोडा_हळू

मी ड्रायव्हिंग शिकवतो. काकू, डॉक्टरांचं झालं की कुणा शिकवणाऱ्याला शेजारी बसवून एक तास गाडी चालवा. मुलाला बसवू नका, मुलगा एक तर घाबरतो नाही तर गप्प बसतो.

वयस्कर माणसं वेगाने धडकत नाहीत, चौकात धडकतात. समोरून येणारी वाहनं कापून वळायचं असतं तिथे. अंतर जोखायचं, वेग जोखायचा, पायी जाणाऱ्याकडे बघायचं, हे सगळं दोन सेकंदांत. मी सत्तरीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना तो रस्ताच बदलायला सांगतो. सिग्नल असलेल्या चौकातून वळा किंवा पुढे जाऊन फिरून या, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

आणि मान. गाडी उभी असताना खांद्यावरून मागची काच दिसते का बघा. दिसत नसेल तर आरशांवर सगळी भिस्त पडते आणि आरशाला न दिसणारा कोपरा डावीकडेही असतो. तुमचा सायकलवाला तिथूनही आला असेल, डोळ्याचा दोष नसेलही. सीट उंच करा, जुन्या गाडीत बरीच माणसं स्टिअरिंगच्या मधून बघत बसतात.

आबांची_लेक

दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या वडिलांनी ८३ व्या वर्षी किल्ली स्वतः माझ्या हातात ठेवली, पण त्याआधीचं एक वर्ष आमच्या घरात फार वाईट गेलं. मी त्यांना 'आता बास' म्हणायचे, ते तीन दिवस बोलायचे नाहीत. मी चुकत होते. मी लायसन्स काढून घेण्याबद्दल बोलत होते, त्यांना कुठे कुठे जायचं असतं आणि ते कसं जमवायचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी आम्ही एका कागदावर त्यांच्या आठवड्यातल्या सगळ्या फेऱ्या लिहिल्या. अकरा निघाल्या. त्यातल्या आठ दिवसाउजेडी होत्या, दोन माझ्या वाटेवरच्या होत्या. एकीसाठीच खरा मार्ग शोधावा लागला.

काकू, तुमच्या डायलिसिसच्या तीन फेऱ्यांपैकी अंधारात किती येतात? केंद्रात सकाळची पाळी मागून बघितलीत का? बऱ्याच ठिकाणी फक्त दिवसा चालवायच्या किंवा घरापासून ठराविक अंतरापर्यंतच्या अटीवरही लायसन्स मिळतं, तेही विचारा.

जपानमध्ये १९९८ पासून लायसन्स आपणहून परत करायची सोय आहे. तिथे २०१९ मध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्यानंतर लायसन्स परत करणाऱ्यांची संख्या वाढली. त्याच वर्षी ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांनीही अपघातानंतर ९७ व्या वर्षी लायसन्स परत दिलं. आबांनी ती बातमी कापून ठेवली होती, मला नंतर सापडली. तुम्ही तर अपघात व्हायच्या आधीच लिहिताय.

हिशेबनीस_आजी

सगळ्यांचे उत्तर दोनदा वाचलं. मेधाताई, वलयं दिसतात. गेल्या हिवाळ्यापासून दिसतात, मला वाटायचं काच खराब आहे.

परवा तपासणी झाली. दृष्टिक्षेत्र दोन्ही डोळ्यांचं स्वच्छ निघालं, दाब ठीक आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, उजव्यात सुरुवात. डाव्याचं ऑपरेशन चोवीस दिवसांनी ठरलंय. झोपेच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलं, ती त्यांनी अर्धी केली आणि दोन आठवड्यांनी बंद करून बघू म्हणाले.

डायलिसिसच्या केंद्रात सकाळची पाळी मागितली. सोमवारपासून मिळाली. तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण दुपारची पाळी पहिल्या दिवशी लिहून दिली होती आणि मी ती तशीच धरून चालले. ऑपरेशननंतरचे दिवस केंद्राची गाडी येणार आहे. तिच्यातल्या मदतनीस मुलीला मी सीट कशी पाडायची ते दाखवून ठेवलं.

घरी सायकलवाल्याचं सांगितलं. यजमान म्हणाले, "मी झोपलो नव्हतो. तू घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलीस." तीन आठवडे तेही गप्प होते.

वही मिटली आहे. आता एकच अडचण. नवा नंबर यायच्या आधीच लायसन्सची तारीख उलटली तर काय करायचं?

चौऱ्याऐंशी_पूर्ण

उद्याच कार्यालयाला फोन करा, ऑपरेशनची तारीख सांगा आणि मुदत वाढवून मिळते का ते विचारा. मिळाली तर लेखी घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. नाही मिळाली तर तारखेनंतर एक दिवसही चालवू नका, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा. काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. मला ८२ ला डॉक्टरचा कागद उशिरा आला होता, तेव्हा अकरा दिवस गाडी दारात उभी होती. रोज सकाळी नुसती सुरू करून बंद करायचो, बॅटरी उतरू नये म्हणून.