छोट्या बजेटचा सिनेमा: आतून काय पाहिलंत?

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सुमारे 15 हजार डॉलरमध्ये झाला आणि जगभरात 19 कोटी डॉलरवर कमावून गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. नंतर स्टुडिओनं शेवट बदलून घेतला, जाहिरातीवर पैसा ओतला, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून दंतकथा नकोत. छोट्या निर्मात्याकडे स्वतः राबलेल्यांनीच लिहा.

साउंडवाला: 'टँजरिन' (2015) आयफोनवर शूट झाला, मान्य. चित्र येतं हो, आवाजाचं काय? आमचं शूट मित्राच्या स्वयंपाकघरात. फ्रीजची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद करायचा आणि परत लावायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, ही आमची जुनी युक्ती. एका रात्री किल्ली खिशातच राहिली. सकाळी दूध नासलेलं, वहिनी भडकलेल्या. उरलेला सीन रस्त्यालगत उरकला, तो सगळा डब करावा लागला, आणि डबिंगचं बिल कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा जास्त झालं.

व्हीएफएक्सवाली: मी आधी मोठ्या स्टुडिओंची व्हीएफएक्सची, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवायची, कामं घेणाऱ्या कंपनीत होते. एका शॉटमधला धूर जरा डावीकडे, जरा उजवीकडे, असं करत तेवीस व्हर्जन झाली. मग निरोप आला, चौथंच बरं होतं! मधल्या पाच जणांपैकी एकालाही 'हो' म्हणायचा अधिकार नव्हता. 'गॉडझिला मायनस वन'चे 610 शॉट जेमतेम 35 कलाकारांनी केले आणि 2024 मध्ये व्हीएफएक्सचं ऑस्कर नेलं. तिथे दिग्दर्शकच व्हीएफएक्स सुपरवायझर होता, म्हणजे होकार-नकार जागच्या जागी. आता माझाही दिग्दर्शक खुर्चीमागे उभा असतो. कधीकधी वैताग येतो, पण तेवीस व्हर्जन होत नाहीत.

ॲनिमेशन शिकतोय: 'फ्लो' ब्लेंडरमध्ये केलाय, फुकटचं सॉफ्टवेअर! 2025 चं ऑस्कर मिळाल्यापासून घरचे 'कुठल्या क्लासला जातोस' विचारायचे थांबले.

एकदाच निर्माता झालेला: सिनेमा घरच्या घरी बनतो, पडदा घरचा नसतो. आम्हाला सकाळी नऊचा एकच शो मिळाला. पुढच्या शुक्रवारी मोठं पिक्चर लागलं, तोही गेला. सेन्सॉर, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), पोस्टर, सगळा खर्च त्या सात सकाळींसाठी.

सहायक दिग्दर्शक: बजेट कमी कसं होतं ते मी सांगते. सतरा दिवस काम केलं, 'बिझनेस झाला की देतो' म्हणाले. बिझनेस झाला. आता फोन उचलत नाहीत.

धागाकर्ता: करार केला नव्हतात?

सहायक दिग्दर्शक: व्हॉट्सॲपवर अंगठा आहे त्यांचा.